नदीला उतार आहे का?

धाग्याच्या आरंभीच सांगून ठेवतो. यात असईची लढाई आहे, प्रशियाच्या सैन्यातील एक खेळ आहे, विष्णुदास भाव्यांचा सूत्रधार आहे आणि माझ्या हातून झालेली एक लबाडी आहे. लांबते आहे असे वाटल्यास मधला एखादा भाग सोडून पुढे जावे. लबाडी मात्र वाचावी, कारण तिच्यासाठीच हे सारे लिहितो आहे.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत माझी भाची पुण्याहून जालन्याला आली. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्याकडे फाशांची एक पिशवी होती. चौकोनी फासे आपल्या परिचयाचे. यात आठ बाजूंचे, बारा बाजूंचे, वीस बाजूंचेही होते. हे काय म्हणून विचारले तर म्हणाली, ‘‘डंजन्स अँड ड्रॅगन्स, मामा. आमच्या ग्रुपची डीएम मीच आहे.’’

मी चौतीस वर्षे महसूल खात्यात काढली. तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. माझ्या लेखी डीएम म्हणजे डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट, जिल्हा दंडाधिकारी. एकोणीस वर्षांची मुलगी जिल्हा दंडाधिकारी कशी, हा प्रश्न माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा. हसू आवरून तिने खेळ समजावून सांगितला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो: कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो जग सांभाळतो. ‘‘मी दार ढकलतो,’’ असे खेळाडू म्हणाला की दाराला आतून कडी आहे की नाही, हे तो सांगतो. दाराआडचा राक्षस तोच बोलतो, वाटेवरची म्हातारीही तोच बोलतो. निकाल सरळ नसेल तेव्हा फासा पडतो. या माणसाला त्या खेळात डंजन मास्टर म्हणतात. त्याचेच ते डीएम.

‘‘मराठीत याला काय म्हणायचं, मामा?’’ तिने विचारले. मी ‘सूत्रधार’ असे तत्काळ उत्तर दिले आणि शब्द बरोबर सापडल्याच्या समाधानात चहा घेतला. ते समाधान चार दिवस टिकले.

आपल्या जुन्या बैठ्या खेळांत असा माणूसच नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. सारीपाट घ्या, बुद्धिबळ घ्या, मोक्षपट घ्या. पट सर्वांसमोर उघडा असतो. सोंगटी कोठे आहे हे दोन्ही बाजूंना दिसते. भांडण झालेच तर ते दान नीट पडले की नाही एवढ्यावर होते. जेथे काहीच झाकलेले नाही, तेथे झाकलेले सांभाळणारा लागत नाही. तो माणूस खेळात आला तो युद्धाच्या वाटेने.

१८१२ मध्ये बॅरन फॉन राइसविट्झ या प्रशियन गृहस्थाने आपल्या राजाला एक मोठे टेबल सादर केले. त्यावर डोंगर, नद्या, रस्ते यांचे सुटे तुकडे मांडून हवा तो मुलूख तयार करता येई. पुढे त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, त्या खेळाला शिस्त लावली आणि १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. क्रीगश्पील, म्हणजे युद्धखेळ. टेबलाऐवजी आता १ : ८००० प्रमाणाचा खराखुरा नकाशा आला. मोठा बदल मात्र निराळाच होता. खेळाडूंनी सोंगट्यांना हात लावायचा नाही. त्यांनी आपले हुकूम लिहून एका तिसऱ्या माणसाकडे द्यायचे. तो ते वाचणार, फौजा हलवणार आणि ज्या बाजूला जेवढे दिसणे शक्य आहे तेवढेच तिला दाखवणार. टेकडीआडचे घोडदळ टेकडी ओलांडेपर्यंत नकाशावर ठेवलेच जाणार नाही. राइसविट्झने या तिसऱ्या माणसाला जो जर्मन शब्द वापरला त्याचा अर्थ ‘विश्वासातला माणूस’ असा होतो. दोन्ही बाजूंचे गुपित ज्याच्यापाशी ठेवावे, असा.

हा खेळ पाहून प्रभावित झालेल्या आणि तो सैन्यात लागू व्हावा म्हणून शिफारस करणाऱ्या सेनाप्रमुखाचे नाव कार्ल फॉन म्युफ्लिंग. नऊ वर्षांपूर्वी, १८१५ मध्ये, वॉटर्लूच्या मोहिमेत हाच म्युफ्लिंग प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या छावणीत होता. वेलिंग्टनला म्हातारपणी कोणी विचारले, की लढाईत आपण केलेले सर्वांत उत्तम काम कोणते, तर तो वॉटर्लूचे नाव घेत नसे अशी आख्यायिका आहे. एकच शब्द उच्चारी: असई.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ.

१८०३ च्या सप्टेंबरात वेलिंग्टन हा अजून मेजर जनरल आर्थर वेलस्ली होता. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा भोकरदनच्या बाजूला होत्या. २१ सप्टेंबरला बदनापुरास वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोघांनी दोन वाटांनी जाऊन २४ तारखेस एकत्र हल्ला करावा, असे ठरले. परंतु २३ तारखेसच वेलस्लीला कळले, की मराठी फौज समजुतीपेक्षा पुष्कळ जवळ आहे. स्टीव्हन्सनसाठी न थांबता तो पुढे गेला. पाहतो तो केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, केळणेच्या पलीकडच्या काठाने, शिंद्यांची कवायती पायदळे आणि शंभरावर तोफा ओळीने उभ्या. समोरच्या उतारावर त्यांचा पहारा. (उतार म्हणजे येथे घसरण नव्हे, नदी पायी ओलांडता येण्याची जागा. शहरातल्या तरुण वाचकांसाठी हे सांगावे लागते.) समोरून जाणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे. दुसरा उतार आहे का, असे त्याने वाटाड्यांना विचारले. नाही, असे त्यांनी ठासून सांगितले.

वेलस्ली दुर्बीण घेऊन पुढे गेला. त्याला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली. इंग्रजी कागदांत त्यांची नावे पीपलगाव आणि वरूर अशी येतात. आपल्या उच्चारात पिंपळगाव आणि वरूड. त्याने मनाशी तर्क केला, की इतक्या जवळ समोरासमोर गावे वसवणारी माणसे एकमेकांकडे ये-जा केल्यावाचून राहणार नाहीत, म्हणजे येथे उतार असलाच पाहिजे. माणूस पाठवून पाहिले, तर होता. तेथून नदी ओलांडून तो शिंद्यांच्या फौजेच्या डाव्या बगलेवर आला. पुढची लढाई भयंकर झाली. शिंद्यांच्या पलटणींनी आपली सारी ओळ वळवून नवा मोर्चा धरला आणि त्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. इंग्रजांकडील सुमारे १,६०० माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. बगलेवरच्या एका इंग्रज तुकडीला असई गावापासून दूर राहण्याचा हुकूम होता. ती नेमकी गावाच्या रोखाने गेली आणि तिच्यामागून गेलेली पलटण जवळजवळ नामशेष झाली. संध्याकाळी मैदान इंग्रजांचे होते आणि ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या होत्या.

मला त्या वाटाड्यांविषयी नेहमी कुतूहल वाटत आले आहे. त्यांची नावे कोठेच नाहीत. त्यांना उतार खरोखर ठाऊक नव्हता? की ठाऊक असून त्यांनी तो लपवला? तलाठी म्हणून या जिल्ह्यात हिंडलेल्या माणसाचे मत विचाराल तर सांगतो: समोरासमोरच्या दोन गावांमधला उतार ठाऊक नसलेला वाटाड्या मी पाहिलेला नाही.

इतिहास येथे थांबवून नावांकडे वळतो, कारण तेथे एक गंमत आहे. राइसविट्झचा खेळ युरोपभर गेला. १८७६ मध्ये वेर्दी द्यू व्हेर्न्वा या प्रशियन सेनानीने असे सुचवले, की कोष्टके आणि फासे बाजूला ठेवावेत. तिसरा माणूस अनुभवी असेल तर त्याचा निर्णय पुरेसा आहे. अमेरिकेत १८८० च्या सुमारास टॉटन नावाच्या अधिकाऱ्याने ‘स्ट्रॅटेगोस’ हे याच धर्तीचे पुस्तक लिहिले. जवळजवळ नव्वद वर्षांनी मिनेसोटातील डेव्हिड वेझली या तरुणाच्या हाती ते पडले. (वेलस्ली आणि वेझली या नावांतला सारखेपणा निव्वळ योगायोगाचा आहे, कृपया त्यावर सिद्धांत मांडू नये.) १९६९ मध्ये त्याने एक युद्धखेळ मांडला. त्यात फौजांबरोबर ब्राउनस्टाइन या काल्पनिक गावातली एकेक व्यक्तीही खेळाडूंना दिली. खेळ विस्कळीत झाला, पण खेळणारे खूश झाले. त्यांच्यातल्या डेव्ह आर्नेसनने पुढे ‘ब्लॅकमूर’ उभे केले आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्ससह डंजन्स अँड ड्रॅगन्स छापले. त्या पहिल्या पुस्तिकांत ‘डंजन मास्टर’ हा शब्द नाही. तेथे आहे तो ‘रेफ्री’. मास्टर नंतर आला, आणि १९७९ पर्यंत त्याच्या नावाचे स्वतंत्र जाडजूड पुस्तकही निघाले. इतर खेळांनी आपापली नावे शोधली: १९८१ च्या एका भयखेळात तो गुपितांचा ‘कीपर’ झाला, १९९१ च्या रक्तपिपासूंच्या खेळात ‘स्टोरीटेलर’. दर दहा-बारा वर्षांनी हा माणूस नवे नाव मागतो. मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. खात्यातही पदनामे बदलत राहतात. चावडीवरचे काम तेच.

मराठीत काय म्हणावे? ‘मास्तर’ म्हटले की छडी दिसते. ‘कथेकरी’ गोड आहे, पण कथेकऱ्याची कथा त्याला आधीच पाठ असते. श्रोत्याने मध्येच उठून ‘‘मी रावणाकडे तहाचा निरोप पाठवतो,’’ असे म्हणण्याची तेथे सोय नाही. उरला ‘सूत्रधार’, आणि त्याच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हाच्या नाटकांत सूत्रधार आजच्यासारखा नांदीपुरता येऊन जात नसे. तो अखेरपर्यंत रंगभूमीवर उभा असे. प्रसंग तो पद्यांतून गाऊन मांडी आणि मग नट आपापली भाषणे तेथल्या तेथे, स्वतःच्या बुद्धीने करीत. संहिता लिहिलेली नसे. भाचीच्या टेबलाशी याहून जवळचे नाते दुसऱ्या कशाचे असेल असे मला वाटत नाही. लोक म्हणतात, की सूत्र म्हणजे बाहुलीची दोरी, तेव्हा सूत्रधार खेळाडूंना नाचवतो असा वास त्या शब्दाला येतो. त्यालाही उत्तर आहे. सूत्रधार हा मुळात मापाची दोरी धरणारा, बांधकाम आखणारा माणूस. आपला ‘सुतार’ हा शब्दही त्याच्यापासूनच आलेला मानतात. भिंत कोठे येईल ते तो आखून देतो. घरात कोणी कसे वावरावे, हे तो सांगत नाही.

इतका पक्का पुरावा हाताशी असूनही मी तो शब्द सोडला. आता लबाडीकडे येतो.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी हट्ट धरला, की मामांनी खेळ चालवावा. मला तेच हवे होते. मी असई मांडली. गावनकाशे डोळ्यांसमोर होतेच. मोठ्या कागदावर केळणा काढली, जुई काढली, गावे काढली. चिठ्ठ्या टाकल्या. माझे दोन भाचे आणि शेजारचा मुलगा शिंदे, भोसले आणि शिंद्यांचा पलटणी सांभाळणारा पोहलमन झाले. भाचीच्या वाट्याला वेलस्ली आला. तिने मला एक नियम शिकवला होता: जे झाकलेले आहे ते खेळापूर्वी कागदावर लिहून, घडी घालून ठेवायचे. मी लिहिले, ‘वरूडपाशी उतार आहे, पाणी कमरेइतके.’ घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवली.

तिला ही लढाई ठाऊक नव्हती, हे मी खात्री करून घेतले होते. समोरच्या तोफा पाहून तिने विचारले, ‘‘दुसरीकडून नदीला उतार आहे का? वाटाड्यांना विचारते.’’ मी वाटाड्याच्या आवाजात म्हणालो, ‘‘न्हाई साहेब.’’ येथवर माझे काही चुकले नव्हते. वाटाड्या खोटे बोलू शकतो.

ती कागदाकडे बराच वेळ पाहत राहिली. मुले शिंद्यांच्या तोफांचे आवाज तोंडाने काढत होती. मग ती म्हणाली, ‘‘मामा, ही दोन गावं अगदी समोरासमोर आहेत. इथले लोक पलीकडे कसे जातात? मी एक स्वार तिथे पाठवते, स्वतः पाणी बघायला.’’

दोनशे वर्षांपूर्वीचा तर्क माझ्या दिवाणखान्यात जसाच्या तसा पुन्हा उगवला होता. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी मुलांकडे पाहिले. त्यांचे चेहरे फुलले होते. माझ्या मनात आले, की एकदा, एकदाच, असईला शिंद्यांच्या तोफा इंग्रजांच्या हाती जाऊ नयेत. मी म्हणालो, ‘‘स्वार परत आला. पाणी खोल आहे. उतार नाही.’’

हे वाटाड्या बोलत नव्हता. नदी बोलत होती.

ती समोरून गेली. तिची फौज तासाभरात संपली. मुले नाचली, मीही टाळ्या वाजवल्या. स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाताना चष्म्याचे घर बरोबर नेले, ‘आहे’वर दोन रेघा ओढून ‘नाही’ केले आणि परत येऊन बसलो. खेळ संपल्यावर घडी उघडून पाहण्याची त्या मुलांत पद्धत आहे, हे मला तेव्हा कळले. तिने कागद वाचला. दोन्ही शाया सारख्याच होत्या, पण दुसरी ओली होती. ती रागावली नाही. हसतच म्हणाली, ‘‘मामा, पंचनामे असेच करायचात का?’’

बाकीचे हसले. मी हसू शकलो नाही. चौतीस वर्षांत मी किती पंचनामे लिहिले याची गणती नाही. जळालेल्या गंजी, पडलेल्या भिंती, वाहून गेलेली जनावरे. प्रत्येक वेळी बांधावर उभे राहून लिहिले. एकदा सोडून. गारपिटीचे एक वर्ष होते, गावे फार होती, मुदत कमी होती. एका शिवारात मी गेलोच नाही. चावडीत बसून, शेजारच्या शिवाराचे आकडे धरून लिहिले. पंचांनीही तेथेच बसून सह्या केल्या. त्या शिवारात एका माणसाची मोसंबीची बाग शेजाऱ्यांपेक्षा पुष्कळ अधिक गेली होती. तो दोन वेळा अर्ज घेऊन आला. कागदावर जे होते तेच खरे, असे मी त्याला सांगितले. ही गोष्ट घरात कोणाला ठाऊक नाही. म्हणजे आजवर नव्हती.

म्हणून आता या माणसाला मी ‘पंच’ म्हणतो. क्रिकेटमधला पंच माझ्या मनात नाही. तो उघड्या मैदानात सर्वांना दिसते तेच पाहून बोट वर करतो. जातपंचायतीतला तर नाहीच. माझ्या डोळ्यांसमोर पंचनाम्यातला पंच आहे. तो कोणाचा न्याय करीत नाही, कोणाला जिंकवत नाही. तो त्या जागी हजर असतो आणि जे होते ते होते, यावर सही करतो. राइसविट्झचा ‘विश्वासातला माणूस’ आणि आर्नेसन-गायगॅक्सच्या जुन्या पुस्तिकांतला रेफ्री, दोघेही मला या पंचाच्या अधिक जवळचे वाटतात. सूत्रधाराची दोरी आखणीची असो वा बाहुलीची, ती अखेर त्याच्याच हातात असते. आणि माझ्या हातात दोरी आल्यावर मी काय केले, ते वर सांगितलेच आहे. कोणाला सूत्रधारच गोड वाटत असेल तर त्याने तो खुशाल वापरावा. शब्दावरून मी भांडणार नाही.

गेल्या दिवाळीला ती पुन्हा आली. या वेळी खेळ तिने चालवला. मुलूख काल्पनिक होता, पण त्यातही एक नदी होती. ती तिने मुद्दाम घातली असावी. मी एका म्हाताऱ्या बैरागी जादूगाराचे पात्र घेतले होते. काठावर येऊन मी विचारले, ‘‘नदीला उतार आहे का?’’

‘‘वाटाड्या म्हणतो, नाही,’’ ती म्हणाली. तिची घडी टेबलावर, सर्वांसमोर, पणतीखाली ठेवलेली होती.

मी माझ्या काठीने पाणी चाचपतो, असे म्हणालो. तिने वीस बाजूंचा फासा माझ्याकडे सरकवला.